आधी कागद, मग शाई, मग पेन

सेलूच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या राज्यसेवेची तयारी करतात. 2025पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे रोज दहा-बारा पानं उत्तरं लिहायचा सराव चालू आहे. इतकी वर्षं नुसते गोल काळे केले, हाताची लिहायची सवय मोडली. तासाभरात अंगठा भरून येतो, अक्षर ओळ सोडून खाली उतरायला लागतं. चार बॉलपेनं आणि दोन जेलपेनं बदलून झाली. आता आजोबांच्या ट्रंकेत एक काळं शाईचं पेन सापडलं आहे. ते वापरू का, की नवं घेऊ? शाई कोणती, वही कोणती? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाईपेन गळतं म्हणतात, ते खरं का?

ताई, परभणीत पेन-वह्यांचं दुकान चालवायला लागून मला एकतीस वर्षं झाली. निबाही मी स्वतःच दुरुस्त करतो. गिऱ्हाईक येतं ते पेन मागत येतं. पेन आवडीनं निवडतं, शाई समोर दिसेल ती घेतं, आणि वही घरात पडलेली असते ती वापरतं. मग महिन्यानं परत येऊन म्हणतं, शाई फुटते, पेन खराब आहे. दहातल्या आठ वेळा पेनाचा काही दोष नसतो. म्हणून माझं सांगणं नेहमी उलट्या क्रमानं असतं: आधी कागद बघा, कागदाला चालेल ती शाई घ्या, आणि त्या दोघांना जुळेल ते पेन. तुमच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे, कारण परीक्षेत कागद तुम्ही निवडणार नाही, तो तुमच्यापुढे येणार आहे.

आधी अंगठ्याचं. बॉलपेनातली शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकाची गोळी फिरली तरच ती उतरते, आणि गोळी फिरवायला दाब लागतो. दाब द्यायचा म्हणून आपण पेन उभं धरतो, बोटं आवळतो. दहा ओळींना त्याचं काही वाटत नाही, दहा पानांना कोपरापर्यंत ताठरतं. आज रात्री एक पान लिहा आणि उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवा. अक्षरं बोटाला लागली तर तुमचा हात पेनापेक्षा कागदाशी जास्त झगडतो आहे. शाईच्या पेनात निबच्या मधे चीर असते आणि खाली जीभ असते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी शाई त्या चिरेतून आपोआप कागदापर्यंत येते. निब नुसती टेकली की पुरे. पेन थोडं आडवं, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकवून धरायचं. हात सुटायला पंधरा-वीस दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात अक्षर बिघडल्यासारखं वाटेल, त्यानं घाबरून बॉलपेनाकडे परत जाऊ नका.

आता कागद. वहीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन. लोक तेवढाच आकडा बघतात. पण शाईला कागदाच्या जाडीपेक्षा त्याची खळ महत्त्वाची. कागद बनवताना लगद्यात किंवा वरून खळ देतात, त्यामुळे पाणी लगेच शोषलं जात नाही. खळ नीट असेल तर पातळ कागदही शाई अंगावर झेलतो. जपानी तोमोए रिव्हर कागद अवघा 52 जीएसएमचा होता, पण शाईवेड्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. उलट 70 जीएसएमची एखादी वही अशी निघते की प्रत्येक काना कोळ्याच्या पायासारखा फुटतो. दुकानात तपासायची सोपी रीत आहे. वहीच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर, दुकानदाराला विचारून, पाण्यानं ओलं केलेलं बोट टेकवा. थेंब जागच्या जागी चमकत राहिला तर कागद चांगला. टेकवताच मातकट डाग पडून मागच्या बाजूला ओल गेली तर ती वही बॉलपेनवाल्यांसाठी ठेवा. स्वतःचं पेन जवळ असेल तर 'घ', 'ध', 'भ', 'थ' एका ओळीत लिहा, दहापर्यंत मोजा, पान उलटा. मागे सावली दिसली तर चालेल, ठिपके उमटले तर नको.

हीच अक्षरं का, त्याला कारण आहे. पेनांबद्दलचं बहुतेक लिखाण इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजीसाठी केलेलं असतं. आपल्या अक्षरांना पोट आहे, गाठ आहे, वर शिरोरेषा आहे. शब्द लिहून झाल्यावर आपण त्याच्या डोक्यावरून रेघ ओढतो, म्हणजे ओल्या शाईवरून निब दुसऱ्यांदा जाते. निब जाड असेल आणि शाई सढळ येत असेल तर गाठी बुजतात. 'ध' आणि 'घ' एकसारखे दिसायला लागतात, 'भ'चा 'म' होतो, 'थ'चा 'य' होतो. तपासणाऱ्यानं तुमचं पान दोन मिनिटांत बघायचं असतं, तो तिथं थांबून अक्षर लावत बसणार नाही. म्हणून मराठी लिहिणाऱ्याला, तेही आठ मिलिमीटरच्या ओळीत, मी बारीक निबच सांगतो. मध्यम निब पत्रं लिहायला ठेवा. सही करायला तर जाड निबच शोभते.

सरावासाठी छापील वहीपेक्षा माझा आग्रह ए-फोर कागदाचा आहे, कारण उत्तरपत्रिकेचा आकार साधारण तोच असतो आणि हाताला त्या रुंदीची सवय लागते. झेरॉक्सचा 75 जीएसएम कागद बारीक निबला बऱ्यापैकी साथ देतो. त्याहून छान हवं असेल तर 85 जीएसएमचा एक्झिक्युटिव्ह बॉण्ड. आता एक खर्चिक नसलेली चैन सांगतो. घडी घातल्यावर ए-फोरचं पान होईल अशा दुप्पट आकाराच्या, ए-थ्री बॉण्डचं एक रीम, म्हणजे पाचशे कागद, घेऊन सेलूतल्या किंवा परभणीतल्या एखाद्या बाइंडरकडे जा आणि जुजबंदी करून पाच वह्या बांधून मागा. जुजबंदी म्हणजे कागदाच्या घड्या करून, प्रत्येक घडी दोऱ्यानं शिवून वही बांधणं. नुसती पिन मारलेली किंवा कण्याला गोंद फासलेली वही मधे उघडी राहत नाही, हातानं दाबून धरावी लागते. जुजबंदीची वही टेबलावर सपाट पडते. बाइंडरला दोन गोष्टी आवर्जून सांगा: घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेनं पडू द्या, आणि खळीत मोरचूद घाला. कागदाला उभा-आडवा धागा असतो. उलट दिशेनं मोडला तर वही फुगते, पानं उभी राहतात. मोरचुदामुळे कसर लागत नाही. जुने बाइंडर हे न सांगता करायचे, आता सांगावं लागतं.

लाल कापडाच्या खतावण्या तुम्ही पाहिल्या असतील. मोंढ्यात अडत दुकानांच्या गादीवर मुनीम मांडी घालून लिहीत बसायचे ना, त्या. त्यांचा कागद शाईसाठीच बनवलेला असायचा, कारण हिशेब पुसला जाणं कुणालाच परवडत नव्हतं. माझ्याकडे एका बंद पडलेल्या अडतीची जुनी रोजकीर्द आहे. तिच्यावर निळ्या शाईचा एक आकडाही फुटलेला नाही. हल्ली पाडव्याच्या पूजेसाठी ज्या वह्या येतात, त्यांत तो कागद क्वचित सापडतो. वरचं लाल कापड बघून घेऊ नका, वर सांगितलेला थेंब टेकवून बघा.

कागदाचा विषय निघाला की मला कागजीपुऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागतं. 1327च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्या काळात कागद करणारे कारागीर इथं स्थायिक झाले असं सांगतात. गावाचं नावच त्यांच्या धंद्यावरून पडलं. मी तिथून हातकागदाचे ताव आणले आणि हौसेनं माझ्या सर्वांत बारीक निबनं लिहायला बसलो. तीन ओळींत निबच्या चिरेत कागदाचा धागा अडकला, रेघ दुहेरी व्हायला लागली. मग त्याच तावावर बोरूनं लिहून पाहिलं, दाट काळ्या शाईनं, आणि अक्षर असं बसलं की हात थांबेना. तेव्हा मला नीट उमगलं की कागद, शाई आणि लेखणी या तिघांनी एकमेकांकडे बघूनच आपापलं रूप घेतलेलं आहे. बोरूची जुनी शाई म्हणजे काजळी आणि बाभळीचा डिंक, तासन्‌तास घोटलेली. तिच्यातले काजळीचे कण कागदावर बसतात आणि शेकडो वर्षं उडत नाहीत. मोडी लिहिणारे हात न उचलता ओळीच्या ओळी काढायचे, ते अशाच लेखणीनं. हातकागद घ्याच, पण मुखपृष्ठासाठी, शुभेच्छापत्रासाठी, बोरू किंवा टाकासाठी. रोजच्या शाईपेनासाठी नको.

त्यावरूनच शाईकडे येतो. काजळीची शाई, ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई, शिक्क्याची शाई यांतली कुठलीच शाईपेनात कधी घालू नका. एका मुलानं चित्रकलेच्या तासाची उरलेली शाई पेनात भरून सुट्टीला ठेवून दिली होती. ड्रॉइंगच्या शाईत लाखेसारखे पदार्थ असतात, ती वाळली की दगड होते. ते पेन मी तीन आठवडे भिजवलं, जीभ काही सुटली नाही. पेनासाठी 'फाउंटन पेन इंक' लिहिलेली रंगाची शाईच हवी. ती पाण्यात विरघळलेली असते, म्हणून वाळली तरी पाण्यानं धुऊन निघते.

कोणत्या कंपनीची, असं विचाराल तर सुरुवातीला कॅमलची रॉयल ब्लू घ्या. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत हा कारखाना काढला, तेव्हा घोडा छापाच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायचे. आमच्या वडिलांच्या पिढीनं त्याच गोळ्या दौतीत विरघळवून शाळा केली. योगायोग असा की पार्करची क्विंकही 1931चीच. बंगालची सुलेखा 1934ची, स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली, ती मधे बंद पडून अलीकडे पुन्हा मिळायला लागली आहे. म्हैसूरची ब्रिल साध्या कागदावर समंजस वागते. शाई 'ओली' किंवा 'कोरडी' असते, असं आम्ही म्हणतो. ओली शाई भरभरून उतरते, अक्षर गडद आणि सुंदर दिसतं, पण हलक्या कागदावर पसरते. कोरडी जरा आखडती येते. परीक्षेच्या अनोळखी कागदासाठी कोरडी शाई जवळ असावी. पेलिकनची 4001 ब्लू-ब्लॅक अशी आहे. तिच्यात लोहाचा अंश असतो. आपल्याकडे हिराकस आणि मायफळाची शाई करायचे, तीच जात. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की गडद होते आणि पाण्यानं सहजी जात नाही. मात्र ती पेनात महिनोन्‌महिने ठेवायची नाही, दर पंधरवड्याला पेन धुवायचं.

दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका, गाळ बसू शकतो. आणि पेन बोअरच्या पाण्यानं धुऊ नका, ही आपल्या भागासाठी खास सूचना आहे. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते चहाच्या पातेल्याच्या तळाला दिसतंच. तोच पांढरा थर जिभेच्या बारीक खाचांत बसतो आणि वर्षभरात शाई तुटक येऊ लागते. दुरुस्तीला आलेल्या पेनांत मला हा थर सारखा दिसतो. जारच्या पाण्यानं धुवा, आणि शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर असू द्या, गॅरेजवर बाटली मिळते. बाटलीतली शाई उन्हाळ्यात आटून दाट झाली तर त्याच पाण्याचे चार थेंब घाला.

पेन गळतं ते खरं, पण ते का हे कळलं की थांबवता येतं. आपल्याकडची जुनी पेनं ड्रॉपरनं भरायची असतात, पोटात थेट शाई. पोट अर्धं रिकामं झालं की उरलेल्या जागेत हवा असते. हाताच्या उबेनं, बसमधल्या उकाड्यानं ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. निबखाली एकदम थेंब पडतो. मे महिन्यात माझ्या स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर जिंतूर रोडवर असा थेंब पडलेला आहे. पेनातली शाई एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका, प्रवासात निब वर करून ठेवा, आणि फिरकीच्या आट्यांवर शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, रबराची रिंग त्यानं खराब होते. ज्याला ही काळजी नको त्यानं काट्रिज (तयार शाईची नळी) किंवा कन्व्हर्टर (शाई ओढून घ्यायची नळी) बसणारं पेन घ्यावं. त्यात शाईही कमी आणि हवाही कमी, त्यामुळे थेंब पडायचा प्रकार फारसा होत नाही.

आता पेन, आणि यात मी फार वेळ घेणार नाही. तुमच्यासाठी पहिलं पेन प्लॅटिनम प्रेपी, 03 म्हणजे बारीक निबचं. दिसायला साधं पारदर्शक प्लॅस्टिक, पण टोपणाच्या आत स्प्रिंगचं झाकण आहे, ते निबला घट्ट बंद करतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात इतर पेनं दोन दिवसांत निबशी वाळतात, हे महिन्यानं उघडलं तरी पहिल्या अक्षराला लिहितं. जपानी बारीक निब युरोपच्या बारीकपेक्षाही एक पायरी बारीक असते, मराठीला ती फार सोयीची. देशी हवं असेल तर कानपूरचं कॅनराइट, ते निबाही स्वतः बनवतात, आणि मुंबईचं एअरमेल. हात बसला, मन रमलं, परीक्षा झाली की मग राजमहेंद्रीच्या रत्नमसारखं एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, पेन घ्या. गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेतून ते घराणं पेनात उतरलं. एबोनाइट हातात गार लागत नाही, घामानं घसरत नाही, आणि उष्णताही हळू आत जाऊ देतं. सेलूत मिळालं नाही तर नांदेड, संभाजीनगर आहेच. तुमच्या गावावरून हैदराबादला रेल्वे जाते, कुणी जाणारं असेल तर आबिड्समध्ये डेक्कन पेन स्टोअर्सला डोकवायला सांगा.

घेताना निब डोळ्यांनी तपासा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग डोळ्याला लावून समोरून बघा. टोकावर कठीण धातूचा एक दाणा असतो, चिरेनं त्याचे दोन भाग झालेले असतात. दोन्ही पाती एका पातळीत हव्यात. एक वर, एक खाली असेल तर पेन एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं खरखरीत लिहितं, मराठीत ते वेलांटी वळवताना कळतं. वर आलेलं पातं अंगठ्याच्या नखानं हलकेच खाली दाबायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. केसाएवढा फरक असतो. काच पेपरवर निब घासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या दाण्याचा आकार एकदा गेला की परत येत नाही.

परीक्षेला कोणत्या रंगाचं आणि कोणत्या जातीचं पेन चालेल ते प्रवेशपत्रावरच्या सूचनेत बघा, ते शब्दशः पाळा. शाईपेन चालणार असेल तर एकाच निबची दोन पेनं न्या, दोन्ही आदल्या रात्री भरलेली. तळहाताखाली टीपकागद किंवा धुतलेला रुमाल ठेवा, उकाड्यात घामानं शाई पुसली जाते. आणि ते चालणार नसेल तरी हा सराव वाया जात नाही. हलक्या हातानं लिहायची सवय लागली की जेलपेनही दाबावं लागत नाही.

राहिलं आजोबांचं पेन. ते परीक्षेला नको, एवढं आधी सांगतो, पण ते टाकूही नका. बहुधा एबोनाइटचंच असेल. अंगठ्यानं जोरात घासून वास घ्या, रबर-गंधकाचा वास आला तर नक्की. त्यावर गरम पाणी ओतू नका, काळा रंग शेवाळी पडतो; गार पाण्यातही फार वेळ राहिलं तर रंग थोडा उतरू शकतो, तेवढी तयारी ठेवा. टोपण फिरत नसेल तर पक्कड लावू नका. निबची बाजू खाली करून टोपणासकट साध्या जारच्या पाण्यात उभं ठेवा, पाणी आट्यांच्या वरपर्यंत येऊ द्या, सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्यात निळे धागे उतरायला लागतील. ती आजोबांनी शेवटची भरलेली शाई. पाणी नितळ राहीपर्यंत हे करा, मग टोपण हातानं फिरवून बघा. सुटलं तर पेन सावलीत, फडक्यावर, निब खाली करून दोन दिवस वाळवा आणि रॉयल ब्लू भरा. निब वाकडी असेल तर स्वतः सरळ करायला जाऊ नका, परभणीला येणं झालं की घेऊन या.